शब्दचर्चा: काउंटीच्या ‘सिव्हिल ग्रँड ज्युरी’ला मराठीत काय म्हणावं?

निळी शाई
इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. विषय रुक्ष आहे, पण सांता क्लारा काउंटीत वीस-वीस वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांनाही तो ठाऊक नसतो, म्हणून हट्टाने घेतलाय.

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखे विभाग. प्रत्येक काउंटीत वर्षातून किमान एकदा ग्रँड ज्युरी बसवायची, असं राज्यघटनेतच आहे. खटला ऐकून दोषी-निर्दोष सांगते ती ज्युरी वेगळी. ही वर्षभरासाठी असते, साधारण १ जुलै ते ३० जून. सदस्य १९. लॉस एंजेलिसमध्ये २३, आणि आल्पाइनसारख्या हजार-बाराशे वस्तीच्या काउंटीत ११. नोकरदार, निवृत्त, कोणीही चालतं. काम काय, तर काउंटीची खाती, हिशेब, दप्तर तपासायचं आणि अहवाल द्यायचा. आणि काउंटीच्या हद्दीतल्या तुरुंगांची स्थिती व व्यवस्था पाहायचीच. हे ऐच्छिक नाही, कायद्यात ‘पाहील’ असंच आहे.

अडलंय ते शब्दांवर. यंत्राने ‘दिवाणी भव्य ज्युरी’ असं काढून दिलं. हसून झालं, पण मलाही धड काही सुचेना. ‘सिव्हिलियन ओव्हरसाइट’ला, म्हणजे सरकारी कारभारावर सामान्य नागरिकांनी ठेवायच्या लक्षाला, ‘नागरी देखरेख’ लिहिलं तर ते गटारं-दिवाबत्तीचं वाटतं. आणि ‘फॅसिलिटी’चं काय करू? तुरुंगाला ‘सुविधा’ म्हणू?

तिरकस
सिव्हिल म्हणजे आमच्याकडे दवाखाना. ‘आजोबांना सिव्हिलला नेलंय’ म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. तेव्हा ‘सिव्हिल ग्रँड ज्युरी’ म्हणजे सिव्हिलमधल्या डॉक्टरांची कमिटी, एवढंच आमच्या गल्लीला कळेल.

कोकणकडा
तिरकसरावांची गंमत बाजूला ठेवली तरी खरी अडचण हीच आहे. एका ‘सिव्हिल’ला मराठीत कप्पे चार. कोर्टाच्या आवारात दिवाणी, लष्करासमोर मुलकी, नगरपालिकेच्या संदर्भात नागरी (नागरी सुविधा, नागरी सहकारी बँक), आणि सरकारी समितीत बाहेरचा माणूस असला की अशासकीय. इथे यातलं कुठलं, हे आधी ठरवा. ग्रँड ज्युरीच्या दोन बाजू असतात ना? एक आरोप ठेवायचा की नाही हे पाहणारी फौजदारी बाजू, दुसरी कारभार तपासणारी. दुसरीला ‘सिव्हिल’ म्हणतात ते फौजदारी नाही एवढ्यापुरतंच. म्हणून ‘दिवाणी’ कोशात सापडला तरी इथे चूक. दिवाणी म्हटलं की वाचकाला भाऊबंदकी आणि बांधाचा वाद दिसणार.

निळी शाई
बरोबर. काही काउंट्या फौजदारी कामासाठी वेगळी ग्रँड ज्युरी बसवतात, म्हणून नावात फरक करावा लागतो.

मग ‘अशासकीय’ कसा वाटतो? ‘अशासकीय तपासणी मंडळ’?

झेडपी-निवृत्त
ताई, तो शब्द घेऊ नका. मी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात उभी नोकरी काढली आहे. ‘अशासकीय सदस्य’ हा शब्द कागदावर निर्मळ आहे, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे येतं ते निराळं. पालकमंत्र्यांच्या शिफारशीने आलेला, गळ्यात उपरणं, बैठकीला उशिरा येऊन भत्त्याच्या कागदावर आधी सही करणारा कार्यकर्ता. अपवाद पाहिले आहेत, फार चांगले पाहिले आहेत. पण शब्दाला वास लागला तो लागलाच. तुमच्याकडे ही माणसं नेमतं कोण?

निळी शाई
काका, इथे अर्ज मागवतात. वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश मुलाखती घेतात, यादी करतात आणि त्या यादीतून चिठ्ठ्या निघतात. मानधन म्हणजे कायद्यातला किमान दर दिवसाला १५ डॉलर आणि गाडीखर्च. काही काउंट्या जास्त देतात. ज्यांचा कारभार तपासायचा त्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सचा, म्हणजे काउंटी चालवणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाचा, निवडीत हात नसतो.

झेडपी-निवृत्त
चिठ्ठ्या! मग तर ‘अशासकीय’ मुळीच नको.

आमच्याकडे याला जवळचं काय, म्हणाल तर तीन गोष्टी आठवतात. पहिली पंचायत राज समिती, जिला जिल्ह्यातला प्रत्येक कर्मचारी ‘पीआरसी’ म्हणतो आणि जिच्या नावाने आठवडाभर आधीपासून झोप उडते. पण ती आमदारांची. दुसरी रेशन दुकानांवरची दक्षता समिती. तिसरी अभ्यागत मंडळं, सरकारी रुग्णालयांची आणि तुरुंगांची. कामाच्या दृष्टीने तिसरं सर्वांत जवळचं, कारण तुरुंगाच्या अभ्यागत मंडळात बाहेरच्या माणसाने आत जाऊन बराकी, स्वयंपाकघर, दवाखाना पाहायचा, कैद्यांशी बोलायचं आणि वहीत शेरा लिहायचा, अशीच कल्पना आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल दिला, त्यातही अभ्यागत मंडळ आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांनी मिळून पाहणी करावी असं सांगितलं आहे.

पण ‘अभ्यागत’ म्हणजे शेवटी पाहुणा. आणि पाहुणा यायचा म्हटलं की आपण काय करतो? भिंतीला चुना, खाटेवर कोऱ्या चादरी, जिन्यात फिनेल, टेबलावर बिस्किटांची बशी. एका ग्रामीण रुग्णालयात भेटीच्या दिवशी घातलेल्या चादरींच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या, दुकानातल्या चौकोनी रेघा तशाच. शेरा काय पडला? ‘स्वच्छता समाधानकारक.’ पाहुण्याने यजमानाची चादर उचलून गादी पाहायची नसते ना.

मोडीवाला
सगळे नवा शब्द घडवताय, पण ही संस्था आपल्याकडे नांदून गेली आहे. कंपनी सरकारच्या काळात मुंबईत तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाला जोडून ग्रँड ज्युरी होती. आधी तिच्यात फक्त ख्रिस्ती माणसं बसत. १८३२ च्या कायद्याने ती अट गेली आणि हिंदू, पारशी, मुसलमान यांना ग्रँड ज्युरीत बसायची आणि जस्टिस ऑफ द पीस (मानद दंडाधिकारी) व्हायची वाट मोकळी झाली. नाना शंकरशेट अशा पहिल्या भारतीय जस्टिसांपैकी. १८६० च्या दशकात आपल्याकडची ग्रँड ज्युरी गेली. खटला ऐकणारी साधी ज्युरी मात्र पुढे बराच काळ राहिली, नानावटी खटल्यामुळे ती सगळ्यांना माहीत आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिलाही जागा उरली नाही. एकदा प्रथा गेली की शब्दही वापरातून जातो. म्हणून ‘ज्युरी’ म्हटलं की आज मराठी माणसाला गाण्याच्या स्पर्धेचे परीक्षक आठवतात.

माझं मत: ‘पंच’. हा शब्द आजही जिवंत आहे. पोलीस येतात, दोन शेजाऱ्यांना बोलावतात, त्यांच्यासमोर वस्तू पाहतात, लिहितात, त्यांच्या सह्या घेतात. पंचनामा. सरकारने एकट्याने पाहिलेलं पुरत नाही, बाहेरच्या दोघांनी पाहिलेलं लागतं, हे त्या शब्दातच आहे. शिवाय पंचांमुखी परमेश्वर.

तिरकस
पंचांमुखी परमेश्वर ठीक, पण ठाण्याबाहेरच्या चहावाल्याला पन्नास पंचनाम्यांवर सह्या केलेलं पाहिलंय. त्याच्यामुखी काय?

कोकणकडा
‘सराईत पंच’ हा आजार आहे, पण तो शब्दाचा नाही. मला ‘पंचमंडळ’ आवडलं. पुढे ‘लोक’ लावा. ‘लोकपंचमंडळ’. लोकायुक्त, लोकलेखा समिती या घरात शोभेल.

निळी शाई
‘पंच’वर मन बसतंय. ‘लोक’ की ‘नागरिक’ ते नंतर बघू. ओव्हरसाइटचं सांगा. देखरेख, पर्यवेक्षण, निगराणी, नियंत्रण, अंकुश?

कोकणकडा
नियंत्रण आणि अंकुश बाद. यांच्या हातात आदेश द्यायची सत्ता नाही, अहवाल देतात आणि उत्तर मागतात. पर्यवेक्षण म्हटलं की दहावीचा हॉल आणि पाठीमागून फिरणारे सर. देखरेख वरच्याने खालच्यावर ठेवायची असते, मुकादमाने मजुरांवर, आजीने नातवंडांवर. इथे उलट आहे, कारभाऱ्यांवर रयतेचं लक्ष. सरळ ‘नजर’ म्हणा. ‘कारभारावर नागरिकांची नजर’. आणि इंग्रजीत ओव्हरसाइटचा दुसरा अर्थ नजरचूक, तोही याच घरातला.

सावळी
इतके दिवस फक्त वाचत होते, आता लिहिते. मी शासकीय अनुवादाचं काम करते. ‘फॅसिलिटी’साठी एकच शब्द शोधू नका, मिळणार नाही. इंग्रजीत तुरुंग, दवाखाना, निवारा, किशोरांची कोठडी सगळं एका फॅसिलिटीत कोंबता येतं. मराठीत ‘सुविधा’ म्हणजे सोय, आणि ‘स्थानबद्धता सुविधा’ असं लिहून आलेला मसुदा मी स्वतः खोडलाय. कोणाची सोय?

आपल्याकडे यासाठी ‘गृह’ आहे. कारागृह, निरीक्षणगृह, बालगृह, सुधारगृह, वसतिगृह. जिथे माणसं दुसऱ्याच्या ताब्यात किंवा आसऱ्याला असतात ते गृह. दवाखान्याला रुग्णालय. बाकी इमारती, गोदामं, कार्यालयं यांना ‘वास्तू’ किंवा नुसतं ‘ठिकाणं’. म्हणून ‘काउंटीच्या सेवा आणि ठिकाणं’ असं लिहा आणि पहिल्यांदा फोड करून सांगा.

नावं बदलण्याची हौस तिकडेही आहे आणि इकडेही. मॅरिन काउंटीतल्या सॅन क्वेंटिन तुरुंगाचं २०२३ मध्ये ‘पुनर्वसन केंद्र’ झालं. आपल्या खात्याच्या पाटीवरही ‘कारागृह व सुधारसेवा’ आहे. पाहणीला जाणाऱ्याने पाटी वाचावी, पण मोजायची ती बराकीतली माणसं आणि संडास.

निळी शाई
सॅन क्वेंटिन राज्य सरकारचं असूनही मॅरिनची ग्रँड ज्युरी तिथे जाते, कारण कायद्यात ‘काउंटीतले सार्वजनिक तुरुंग’ असे शब्द आहेत. हे लेखात घालतेच.

आणखी दोन: ‘शेरीफ’ आणि ‘सुपरवायझर’.

मोडीवाला
शेरीफला ‘नगरपाल’ लिहाल तर अनर्थ होईल. मुंबईचे नगरपाल म्हणजे वर्षभराचं मानाचं पद, समारंभ, पाहुण्यांचं स्वागत. तुमच्याकडचा शेरीफ मतांनी निवडून येतो, त्याच्याकडे बंदूकधारी फौज असते आणि बहुतेक काउंट्यांत तुरुंगही तोच चालवतो. ‘शेरीफ’ तसाच ठेवा आणि एका वाक्यात समजवा.

निळी शाई
याचं उदाहरण माझ्याच काउंटीतलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये इथल्या सिव्हिल ग्रँड ज्युरीने शेरीफ लॉरी स्मिथ यांच्यावर गैरवर्तनाचा ठपका ठेवणारं औपचारिक आरोपपत्र दिलं, बरेचसे मुद्दे छुपं शस्त्र बाळगायच्या परवान्यांचे. त्यावर रीतसर खटला चालला. त्यांनी ऑक्टोबर २०२२ अखेर पद सोडलं आणि नोव्हेंबरात खटल्याच्या ज्युरीने त्यांना दोषी धरलं. म्हणजे एरवी नुसता अहवाल, पण क्वचित हेही हत्यार निघतं. कोकणकडा, तुमचं ‘आदेश द्यायची सत्ता नाही’ बरोबर आहे, फक्त दात अजिबात नाहीत असं नाही.

तिरकस
सुपरवायझर म्हणजे सिमेंटच्या गोण्या मोजणारा. लॉस एंजेलिसची जवळपास कोटभर माणसं पाच सुपरवायझर सांभाळतात असं वाचून मी आधी म्हटलं, चांगला ठेकेदार दिसतोय.

कोकणकडा
‘काउंटीचं नियामक मंडळ’ म्हणा. आणि काउंटीला ‘जिल्हा’ करू नका. आपल्या जिल्ह्याचा प्रमुख नेमलेला, यांचं मंडळ निवडून आलेलं. ‘परगणा’ तर नकोच, वाचक थेट मुघलांकडे पोचेल.

झेडपी-निवृत्त
मला एक सांगा. अहवाल आला, पुढे काय? आमच्याकडे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की त्याला ‘शक’ म्हणतात, आणि शकांची पूर्तता वर्षानुवर्षं चालते. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्यापेक्षा वयाने मोठे शक कपाटात होते. ‘कार्यवाही सुरू आहे’ या एका वाक्यावर पिढ्या निघाल्या आहेत.

निळी शाई
काका, तेच इथे बांधून टाकलंय. नियामक मंडळाला ९० दिवसांत, निवडून आलेल्या अधिकाऱ्याला ६० दिवसांत न्यायालयाकडे लेखी उत्तर द्यावं लागतं. प्रत्येक निष्कर्षावर मान्य किंवा अमान्य सांगायचं, अंशतः अमान्य असेल तरी कारणासह. प्रत्येक शिफारशीवर चारच उत्तरं चालतात: अंमल झाला, अमुक मुदतीत होईल, आणखी अभ्यास हवा, किंवा करणार नाही आणि का. अभ्यासालाही मर्यादा सहा महिन्यांची.

झेडपी-निवृत्त
‘करणार नाही’ असं लिहायची मुभा आहे? हे मला सगळ्यांत आवडलं. आमच्याकडे ‘नाही’ म्हणायला जागाच नव्हती, म्हणून सगळे ‘सुरू आहे’ लिहीत.

शब्दाचं म्हणाल तर या उत्तराला ‘अनुपालन’ म्हणू नका, त्यात पाळलं असं गृहीत धरलं जातं. ‘खुलासा’ही नको, तो चूक केलेल्याकडून मागतात. ‘लेखी उत्तर’ पुरे.

सावळी
काकांशी सहमत. ‘निष्कर्ष’ आणि ‘शिफारस’ रुळलेले आहेत, तेही तसेच ठेवा.

बे-एरियाची सून
शब्दांत ढवळाढवळ नको म्हणून गप्प होते, पण प्रश्न आहे. माझ्या सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका, ग्रीन कार्डावर इथेच असतात, वेळही भरपूर. त्यांना अर्ज करता येईल का?

निळी शाई
नाही ना. अमेरिकेचं नागरिकत्व, वय किमान १८, निवडीआधी वर्षभर त्याच काउंटीत वास्तव्य आणि कामापुरतं इंग्रजी, या अटी आहेत. ग्रीन कार्ड चालत नाही.

कोकणकडा
मग माझं ‘लोक’ मागे घेतो. सासूबाई लोकांत आहेत, नागरिकांत नाहीत. ‘नागरिक पंचमंडळ’ लिहा, पहिल्या उल्लेखात ‘म्हणजे सिव्हिल ग्रँड ज्युरी’ जोडा आणि अंक छापायला सोडा.