जाती, प्रजाती आणि कुल

दादरहून प्रश्न

लेकीचा विज्ञानाचा अभ्यास घेताना अडलो. पुस्तकातली उतरंड अशी: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे सगळ्यात खाली जाती, तिच्या वर प्रजाती. पण बातमी येते ती 'सह्याद्रीत पालीची नवी प्रजाती सापडली' अशी, आणि आत वाचावं तर सापडलेली असते जाती. बरोबर काय धरायचं? आणि मराठीचं 'भाषाकुल' म्हणतात, ते कुल नि हे कुल एकच का?

वर्सोव्याहून

पुस्तक बरोबर आहे. मराठी परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. हिंदीत जीनसला वंश म्हणतात आणि बातम्यांत स्पीशीजला सर्रास प्रजाति, तिथून ही सवय आली असावी. पण मला आणखी एक कारण दिसतं. 'जात'चं अनेकवचन जातीच होतं, म्हणून 'एक नवी जाती' कानाला खटकतं. शिवाय माणसांच्या जातीची आठवण त्या शब्दाला चिकटलेली. प्रजाती म्हटलं की दोन्ही अडचणी टळतात, पण एक अख्खी पायरी हरवते.

आमच्या घरी मासळीचा धंदा, म्हणून बाजारातलंच सांगते. बांगडा आणि सुरमई एकाच कुलातले, स्कॉम्ब्रिडी. प्रजाती मात्र वेगळ्या: बांगड्याची रास्ट्रेलिगर, सुरमईची स्कॉम्बेरोमोरस. आणि सुरमई म्हणून जे विकलं जातं त्यातही कमर्सन आणि गटाटस अशा दोन जाती असतात. त्यांची प्रजाती एक, हे खरं. जाती एक म्हणालात तर चुकलात. ही गोष्ट सांगायला दोन्ही शब्द हवेतच.

हलव्याचं तर बघाच. इंग्रजीत त्याला ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणतात, अंगानेही पापलेटासारखा चपटा. पण पापलेटाचं कुल स्ट्रोमॅटिडी आणि हलव्याचं कॅरँजिडी.

माहीमहून

हलव्यावरून भाषाकुलाचं उत्तर मिळतं. कुल सारखेपणावरून ठरत नाही, उगमावरून ठरतं. मराठीने अण्णा, अक्का हे शब्द द्राविडी भाषांकडून घेतले. आपण 'आम्ही' आणि 'आपण' यांत जो फरक करतो, तोच तमिळ माणूस 'नांगळ' आणि 'नाम' यांत करतो. तरी तमिळ द्राविडी कुलातली आणि मराठी इंडो-युरोपीय. उलट मोहम्मद अली रोडवरच्या उर्दू पाट्या लिपीमुळे परक्या वाटतात, पण उर्दू मराठीच्याच भारतीय-आर्य शाखेतली. आकडे म्हणून बघा: मराठी तीन, चार, पाच, उर्दू तीन, चार, पाँच, तमिळ मून्ऱु, नालु, ऐंदु.

मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे उगमाचा हा विचार भाषांच्या अभ्यासात आधी रुजला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात १७८६ साली मांडलं. शास्त्रज्ञ लिनियसची सजीवांची वर्गवारी त्याआधीची, पण ती दिसणाऱ्या लक्षणांवर बेतलेली. वर्गीकरण वंशावळीप्रमाणेच असावं हे डार्विनने १८५९ साली लिहिलं, आणि समजावायला उदाहरण घेतलं ते भाषांचं.

पुन्हा दादरहून

दोघांचे आभार. लेकीला उद्या बाजारातच नेतो. पण मग 'भाषाकुळ' का म्हणू नये? कुळाचार, कुळधर्म आपण म्हणतोच की. नाहीतर सरळ 'भाषावंश'?

माहीमहून

कुळ चालेल, चूक नाही. पण नुसतं 'कुळ' ऐकलं की आमच्या पिढीला जमीन कसणारं कुळ आणि १९४८चा कुळकायदा आठवतो, म्हणून परिभाषेत कुल बरं. 'भाषावंश' मात्र मी टाळतो. वंश म्हटलं की माणसांचं रक्त मनात येतं, आणि भाषा रक्ताबरोबर जातेच असं नाही. दादरच्याच पारशी कॉलनीत बघा, पूर्वज इराणचे आणि घरातली भाषा गुजराती.