मदत हवी आहे: भाच्यासाठी मराठी बोलणारा काउन्सेलर, ठाणे-ऐरोली साइडला

नमस्कार मंडळी, भाचा सातारचा, इंजिनिअरिंग सेकंड इयर, आमच्याकडे ऐरोलीत राहतो. दोन केट्या लागल्यापासून (म्हणजे दोन विषय राहिलेत) पोरगं पार मिटून गेलंय, रात्री तीनला पण खोलीत लाइट चालू असतो, सकाळी उठवत नाही आणि डबा संध्याकाळी तसाच परत, पोळीची घडीसुद्धा मोडलेली नसते. भावोजी म्हणतात नाटकं आहेत, चार दिवस गावी पाठव. (त्यांना काय सांगायचं ते मी बघते.)

जिवाचं काही बरंवाईट मनात येतं का हे मी सरळच विचारलं, असं विचारल्याने डोक्यात भरतं वगैरे काही नसतं. नाही म्हणाला. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून दिलाय, सरकारी आहे, फ्री, 24 तास, मराठीतही बोलतात. पण समोर बसून बोलणारं कोणीतरी हवंय. कॉलेजच्या काउन्सेलरकडे जायला तयार नाही, केबिन स्टाफरूमला लागून, सगळे बघतात म्हणे.

ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत कोणी गेलंय का, कॉलेजच्या मुलांना कसं वागवतात? नाव काढलं की घरचे दचकतात, म्हणून आधी विचारते. प्रायव्हेट असेल तर फी झेपणारी सांगा. अटेंडन्ससाठी सायकॅट्रिस्टचं सर्टिफिकेट कॉलेज घेतं का, आणि मेडिक्लेममध्ये ओपीडीचं बिल कोणाला मिळालंय का?

योगा करा, मोबाइल काढून घ्या हे प्लीज नको. नाव-पत्ता इनबॉक्स केलात तरी चालेल.