मदत हवी आहे: गुगलवरच्या पोस्ट सारख्या नाकारल्या जातायत

पेडणेकरीण
नमस्कार, तातडीने मदत हवी आहे. धारगळला हायवेवर आमचं घरचं हॉटेल आहे. गुगलच्या लिस्टिंगवर, म्हणजे मॅपवर हॉटेलची माहिती दिसते त्या प्रोफाइलवर, आठवड्याला दोन-तीन पोस्ट मी नेमाने टाकते. हल्ली एकूण एक नाकारली जाते, कारण धड सांगत नाहीत. ज्या मुलाने लिस्टिंग करून दिलं तो म्हणाला होता, पोस्ट थांबल्या की नाव खाली जाणार. आता तो फोनच उचलत नाही. मोपा विमानतळावर उतरलेली माणसं आमच्या दारावरून जातात आणि कोलवाळचा पूल ओलांडून जेवतात. एप्रिल संपत आला, सीझनचे थोडेच दिवस उरलेत. काय करू? कृपा करून इन्स्टाग्राम सुचवू नका.

म्हापशेंकार
हॉटेल म्हणजे राहायचं की जेवायचं? प्रोफाइल व्हेरिफाय झालंय का? फोटो नाकारतात की मजकूर? नाकारलेली एक पोस्ट जशीच्या तशी इथे टाका, त्याशिवाय कोणीच काही सांगू शकणार नाही.

रीलवाला_कळंगुट
ताई, इन्स्टा नको म्हणताय, पण पर्यटक आता रील बघूनच ठरवतो. तव्यावर बांगडा पडतानाचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ टाका. आवाज मूळचाच ठेवा, गाणं लावू नका.

पेडणेकरीण
जेवायचं. व्हेरिफाय आहे, मालक म्हणून माझाच ईमेल आहे. फोटो ताटाचा असतो, मीच काढते. मजकुरात काही वावगं नाही, त्या दिवशीचं नुस्तं, म्हणजे मासे, काय आहे तेवढंच लिहिते. आधीच्या पोस्ट जायच्या, मार्चपासून हा त्रास सुरू झाला.

मडगाव_मोबाइल
माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. मी रोज एक पोस्ट टाकतो, महिन्याभराच्या एकदम शेड्यूल करून ठेवतो. ज्यांची लिस्टिंग झोपलेली असतात त्यांना गुगल मागे टाकतं, हा माझा अनुभव आहे. आणखी एक करा. नावातच 'बेस्ट फिश थाळी निअर मोपा एअरपोर्ट' घाला, लगेच फरक दिसेल.

नेहा_फोंडा
ताई, नावाला हात लावू नका! बोर्डावर जे नाव आहे तेच लिस्टिंगवर असायला हवं, हा गुगलचा नियम आहे. आमच्या ओळखीच्या एका मसाला बागेने नावात असेच शब्द घुसडले आणि ऐन डिसेंबरात लिस्टिंग सस्पेंड झालं. ते परत मिळेपर्यंत माणसं रस्ता शोधत दुसऱ्याच बागेत जात होती. मी तीन रेस्टॉरंटांची प्रोफाइलं सांभाळते म्हणून कळकळीने सांगते.

आणि मडगावकर, क्रमाचं म्हणाल तर गुगलने स्वतःच्या मदत पानावर तीन गोष्टी सांगितल्या आहेत: शोधाशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी. रोज पोस्ट टाका म्हणजे वर नेऊ, असं तिथे म्हटलेलं नाही.

मडगाव_मोबाइल
मदत पानावर सगळं लिहीत नाहीत. माझे फोन वाढले ते उगाच?

नेहा_फोंडा
उगाच नसतील. तुमचे रिव्ह्यूही त्याच काळात वाढले असणार, कदाचित जवळचं एखादं दुकान बंद झालं असेल. पोस्टचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. जो माणूस तुमच्या लिस्टिंगपर्यंत आधीच पोचलाय, दोन हॉटेलांमध्ये घुटमळतोय, त्याला आजचं ताट दिसलं तर तो तुमच्याकडे वळतो. त्यासाठी आठवड्याची एक खरी पोस्ट पुरे. महिन्याभराच्या आधीच लिहून ठेवलेल्या पोस्टीत आजचं नुस्तं कसं येणार?

म्हापशेंकार
भांडण नंतर. ताई, मजकूर?

पेडणेकरीण
ही घ्या कालची:
'आज ताजी चणाक, बांगडा रेचाद, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, सोलकढी. सोबत सत्तरीचा अस्सल हुर्राक, लिंबू सोडा आणि चिरलेली मिरची घालून. टेबलासाठी फोन करा ९८…' (पुढे पूर्ण नंबर असतो.)
यात काय चुकलं? बार अँड रेस्टॉरंटचं लायसन्स आहे, सगळं कायदेशीर आहे.

वाळपईचो_बाब
सत्तरीचा हुर्राक! कुठल्या भाटीचा? या वर्षी काजूचं पीक कसं आहे आणि बाटली काय भावाने मिळते तेही सांगा.

नेहा_फोंडा
सापडलं, दोन्ही कारणं त्याच मजकुरात आहेत.

पहिलं, फोन नंबर. पोस्टच्या मजकुरात नंबर लिहिलेला गुगलला चालत नाही. पोस्ट टाकताना खाली बटण निवडायला मिळतं, तिथे 'कॉल करा' निवडा. प्रोफाइलवरचा नंबर आपोआप लागतो.

दुसरं, हुर्राक. काजूची असली तरी ती दारूच. लायसन्स असलं तरी पोस्टमध्ये दारूची जाहिरात चालत नाही. बारवाल्यांनी पोस्ट टाकायला हरकत नाही, पण पोस्टमध्ये दारू नको. तुम्ही म्हणालात ना, मार्चपासून त्रास आहे? हुर्राक मार्चातच येतो. फेणीचंही तेच, तिला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला असला तरी या नियमात सूट नाही.

पेडणेकरीण
नंबर आधीही घालत होते, तेव्हा जायच्या.

नेहा_फोंडा
काही वेळा सुटतात. तरी काढाच.

म्हापशेंकार
आता माझा प्रश्न. तुम्ही पहिल्यांदा नुसतं 'हॉटेल' म्हणालात, आता बार निघाला. प्रोफाइलवर मुख्य कॅटेगरी कोणती आहे? गुगलवर 'माय बिझनेस' शोधा, प्रोफाइल एडिट करा, वरच दिसेल.

पेडणेकरीण
'बार' आहे. त्या मुलाने तशीच ठेवली होती. दुसरी काहीच नाही.

म्हापशेंकार
मग विमानतळावरून बायकामुलांसकट आलेला माणूस 'फिश थाळी' शोधतो तेव्हा तुम्ही कशा दिसणार? तुमची कमाई जेवणावर आहे की बारवर?

पेडणेकरीण
दुपारी सगळं जेवणच. सासूबाई स्वतः मसाला वाटतात, त्याच्यासाठी लोक येतात. बार संध्याकाळी, तोही गावातल्यांपुरता.

म्हापशेंकार
तर मुख्य कॅटेगरी सीफूड रेस्टॉरंट करा आणि बार दुसऱ्या नंबरला टाका. पोस्टींपेक्षा याने जास्त फरक पडेल. मेनू आणि ताटाचे चांगले फोटोही प्रोफाइलवरच घाला. पोस्ट सहा महिन्यांनी मागे पडते, मेनू तिथेच राहतो.

रीलवाला_कळंगुट
आणि रिव्ह्यू वाढवा. टेबलावर पाटी लावा, 'पाच तारे द्या, सोलकढी फुकट'. आमच्या शॅकवर हेच करतात.

नेहा_फोंडा
हे करू नका. रिव्ह्यूच्या बदल्यात काहीही देणं गुगलच्या नियमात बसत नाही. सोलकढी सगळ्यांनाच द्या आणि रिव्ह्यू नुसता मागा. आलेल्या प्रत्येक रिव्ह्यूला दोन ओळींचं उत्तर द्या, वाईटाला आधी.

पर्वरीचा_काका
एक सावधगिरी. 'गुगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर लिस्टिंग बंद होईल' असे फोन येतात. ही प्रोफाइल फुकट असते, पैसे देऊ नका. माझ्या भावाच्या दुकानाचे गेले. त्या टॅक्सीवाल्यांच्या कमिशनबद्दलही कोणी बोलायला हवं, हायवेवरच्या हॉटेलांचं खरं नुकसान तिथे होतं.

वाळपईचो_बाब
टॅक्सीवाल्यांना दोष देऊ नका हां. पेडण्याच्या पोरांनी मोपाला जमिनी दिल्या, आता धंदाही करू नये का त्यांनी?

म्हापशेंकार
त्यासाठी वेगळा धागा काढा दोघांनी.

पेडणेकरीण
कॅटेगरी बदलली. हुर्राक आणि नंबर काढून तीच पोस्ट 'कॉल करा' बटणासह टाकली. तासाभराने बघितलं, दिसतेय! दुसऱ्या फोनवरूनही बघून घेतली. नेहाताई, म्हापशेंकार, मनापासून आभार. आता एकच सांगा, १ जूनपासून मासेमारी बंद होते. जून-जुलैत पोस्ट थांबवल्या तर चालेल ना?

मडगाव_मोबाइल
थांबवू नका!

नेहा_फोंडा
थांबवलंत तरी कोणी शिक्षा करणार नाही. पण ट्रॉलर बंद असतात तेव्हाच लोकांना प्रश्न पडतो की ताटात काय आहे. खाडीतलं नुस्तं, खुबे, सुकी सुंगटं, जे खरंच असेल ते लिहा. बर्फातलं असेल तर ताजं म्हणू नका. आणि आधी वेळा तपासा. मी आत्ता तुमचं लिस्टिंग शोधून बघितलं, सोमवारी दिवसभर उघडं दाखवतंय. तसं आहे का?

पेडणेकरीण
नाही हो, सोमवारी आम्ही बंद असतो! गेल्या सोमवारी दोन गाड्या दारात येऊन परत गेल्या, का ते आत्ता कळलं. लगेच बदलते.