मदत हवी आहे: समुद्री जिवाणूच्या एस्टरेजची निवडकता प्रयोग चालू असतानाच घसरते

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मालवणजवळच्या खाडीतल्या गाळातून एक जिवाणू वेगळा केला आहे. ट्रायब्युटिरिनच्या प्लेटवर त्याच्याभोवती स्वच्छ वलय येतं, म्हणजे तो एस्टर तोडणारं एन्झाइम (एस्टरेज) बनवतो. माध्यमात मीठ नसेल तर तो वाढतच नाही. पेशी सोनिकेटरने फोडते, सेंट्रिफ्यूज करते आणि वरचा द्रव तसाच वापरते.

रेसमिक (म्हणजे 'आर' आणि 'एस' ही एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेली दोन रूपं निम्मी-निम्मी) १-फिनाइलइथाइल अ‍ॅसिटेटचं जलविघटन करतेय. एन्झाइम 'आर' एस्टर आधी तोडतं, त्यामुळे 'आर' अल्कोहोल मिळतं आणि 'एस' एस्टर मागे उरतं. कायरल जीसीवर (दोन्ही रूपं वेगळी दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीवर) शिखरं नीट सुटी दिसतात.

अडतंय ते असं. २०% रूपांतराला अल्कोहोलचं ईई (एका रूपाचं दुसऱ्यावरचं आधिक्य) ८०% होतं, ४०% ला ते ६२% वर आलं. 'आर' संपत आलं की 'एस'चा वाटा वाढणार, ईई थोडं उतरणार, हे कळतं. पण सूत्रात आकडे घातले की ई-मूल्य (एन्झाइम एक रूप दुसऱ्यापेक्षा किती पसंत करतं, म्हणजे त्याची निवडकता) ११ वरून ६ वर येतं. ते तर स्थिर राहायला हवं ना? तीनदा करून पाहिलं, तीनदा हेच.

सर म्हणतात, कॅन्डिडा अंटार्क्टिकाचं तयार लिपेज बी घे, या एस्टरला ते उत्तम चालतं. खरं आहे ते. पण हा जिवाणू मी स्वतः गाळातून शोधलाय, इतक्यात सोडवत नाही. कुठे चुकतंय?

प्रयोगवही: ब्लँक (चालू एन्झाइमशिवायची तुलनेची नळी) लावला होता का?

खाडीकाठ: हो, उकळलेला अर्क घालून, तेवढाच वेळ. अल्कोहोल दिसलंच नाही.

प्रयोगवही: मग आपोआप होणारं विघटन बाद. माझा संशय असा की अर्कात दोन एस्टरेज आहेत, आणि त्यातलं निवडक आधी मरतंय. नेटिव्ह जेल (प्रथिनं न बिघडवता वेगळी करणारं) चालवून नॅफ्थाइल अ‍ॅसिटेट आणि फास्ट ब्लूने रंगवा, एस्टरेजचे किती पट्टे येतात ते दिसेल. दुसरं, अर्क एस्टरशिवाय बफरात प्रयोगाइतकाच वेळ ठेवा, मग एस्टर घालून २०% ला मोजा. तिथेच ई कमी आलं तर संशय खरा. बफरात मीठ आहे का? पेशीच्या आतल्या एन्झाइमला समुद्राइतकं लागेलच असं नाही, पण काहींना टिकायला लागतं.

खाडीकाठ: बफर साधा फॉस्फेटचा आहे, मीठ अजिबात नाही! उद्या दोन्ही नळ्या शेजारी लावते, मिठाची आणि बिनमिठाची. जेलचा फोटो इथेच टाकेन.