मिनेसोटातील नॉर्वेजियन खापरपणजोबांचे आयुष्य कागदपत्रांतून कसे शोधावे?

मेघवाट

सर्वांना नमस्कार.

माझे पती अमेरिकेत जन्मलेले असून त्यांचे वडिलांकडचे घराणे नॉर्वेतून मिनेसोटा राज्यात येऊन स्थायिक झाले. माझ्या सासऱ्यांना आपल्या पणजोबांची, म्हणजे माझ्या पतींच्या खापरपणजोबांची, हकिकत नातवंडांसाठी लिहून ठेवायची आहे आणि जुने कागद शोधण्याचे काम त्यांनी विश्वासाने माझ्याकडे सोपवले आहे.

इंटरनेटवर या घराण्याच्या काही तयार वंशावळी मिळाल्या, परंतु त्या सगळ्या एकमेकींवरून उतरवून घेतल्यासारख्या दिसतात. त्यांत जन्म १८३९, मृत्यू १९११, पत्नीचे केवळ पहिले नाव आणि सहा मुले एवढीच माहिती आहे. मधल्या आयुष्याविषयी एक ओळही नाही आणि मला तेच हवे आहे. १८८० आणि १९०० च्या जनगणनेत हे कुटुंब यलो मेडिसिन काऊंटीत (काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सापडते, पण १८७० च्या यादीत त्या काऊंटीचे नावच दिसत नाही. १८८० मध्ये आडनाव एक आहे, तर १९०० मध्ये दुसरेच. १९०० च्या नोंदीप्रमाणे ते १८६१ मध्ये अमेरिकेत आले, मात्र न्यूयॉर्क बंदराच्या प्रवासी याद्यांत त्यांच्याशी जुळणारे कोणीही मिळत नाही. न्यूयॉर्क बंदरातील एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी स्थानकावरील अधिकाऱ्यांनी आडनाव बदलले, असे नात्यातील काही मंडळी सांगतात.

ते आधी कुठे राहिले, जमीन कशी मिळाली, सुरुवातीची वर्षे कशी काढली आणि त्यांची पत्नी कोण होती, हे कळण्यासाठी कोणते कागद पाहावेत? सासूबाईंकडचे घराणे कॅनडातील क्वेबेकमधून मॅसॅच्युसेट्समधील लोवेलच्या कापड गिरण्यांत आले होते. त्या बाजूविषयीही कोणी मार्गदर्शन केल्यास मी आभारी राहीन.

दफ्तरी

नमस्कार मेघवाट ताई. तुमच्या तिन्ही अडचणींना सरळ कारणे आहेत.

प्रथम एलिस आयलंडविषयी. ते स्थानक १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले, त्यामुळे १८६१ मध्ये आलेल्या माणसाचा त्याच्याशी संबंध येऊ शकत नाही. शिवाय तेथील अधिकारी नावे नव्याने लिहीत नसत. जहाज जिथून सुटे त्या बंदरात जहाज कंपनीने तयार केलेल्या यादीवरूनच ते प्रवाशांची तपासणी करीत. ही कथा अमेरिकेतील असंख्य घरांत सांगितली जाते आणि तिच्यामुळे लोक वर्षानुवर्षे चुकीच्या जागी शोध घेत राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

न्यूयॉर्कमध्ये नाव न सापडण्याचे कारण बहुधा असे की ते न्यूयॉर्कला उतरलेच नसावेत. ब्रिटनने १८४९ मध्ये जहाजवाहतुकीवरील जुने निर्बंध उठवल्यानंतर नॉर्वेची जहाजे माणसे घेऊन क्वेबेकला जाऊ लागली आणि परतताना तेथील इमारती लाकूड भरून नेऊ लागली. त्यामुळे १८५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची कित्येक वर्षे बहुसंख्य नॉर्वेजियन लोक क्वेबेकला उतरत आणि आगगाडीने व महासरोवरांतील बोटींनी मिलवॉकी किंवा शिकागोकडे जात. क्वेबेक बंदराच्या प्रवासी याद्या मात्र सलग मिळतात त्या १८६५ पासूनच्या. म्हणून जहाजाचा शोध सध्या बाजूला ठेवावा, असे मी सुचवतो.

त्याऐवजी १८८० च्या नोंदीत प्रत्येक मुलाचे जन्मस्थान कोणते लिहिले आहे ते पाहा. थोरली मुले विस्कॉन्सिन किंवा आयोवा येथे आणि धाकटी मिनेसोटात जन्मलेली असतील, तर कुटुंब कोणत्या वर्षांच्या दरम्यान पश्चिमेकडे सरकले हे मुलांच्या वयांवरूनच कळते. यलो मेडिसिन काऊंटी १८७१ मध्ये रेडवूड काऊंटीतून वेगळी काढली गेली, तेव्हा १८७० साठी रेडवूडची यादी वाचावी. नाव टाकून शोधण्यावर विसंबू नका. पाने एकेक करून वाचा, कारण नॉर्वेजियन नावे इंग्रजी कानांनी ऐकून कशीही लिहिली गेली आहेत. १८९० ची जनगणना वॉशिंग्टनमधील १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ पूर्ण नष्ट झाली, परंतु मिनेसोटा राज्याच्या स्वतःच्या १८८५ आणि १८९५ च्या गणना ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात.

आता जमिनीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुम्हाला हवे असलेले आयुष्य मुख्यतः तिथे सापडेल. १८६२ च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळत असे. त्यासाठी तिथे पाच वर्षे राहून ती कसावी लागे, आणि परदेशात जन्मलेल्या माणसाला दावा करण्यापूर्वी निदान नागरिक होण्याचा इरादा न्यायालयात जाहीर करावा लागे. केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर जमिनीची सनद, म्हणजे तिकडच्या भाषेत पेटंट, नावाने विनामूल्य शोधता येते. ती कोणत्या कायद्याखाली दिली हेही तिथे नोंदलेले असते. पुष्कळ लोक सनदेची प्रत मिळाली की समाधान मानतात, परंतु खरे धन त्या सनदेमागच्या फाइलीत आहे आणि ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवावी लागते. पाच वर्षांनंतर मालकी सिद्ध करताना अर्जदाराने आणि दोन शेजाऱ्यांनी दिलेल्या साक्षी तीत असतात: वस्तीला केव्हा आले, घर केवढे आणि कशाचे बांधले, किती एकर नांगरले, कुटुंबात कोण कोण आहे. अंतिम मालकीसाठी पूर्ण नागरिकत्व आवश्यक असल्यामुळे परदेशी माणसाच्या फाइलीत नागरिकत्वाच्या कागदाची नक्कलही बहुधा मिळते.

या काऊंटीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८७३ ते १८७७ या काळात नैर्ऋत्य मिनेसोटावर टोळधाडी आल्या आणि सलग काही हंगामांची पिके गेली. पोट भरण्यासाठी शेतकऱ्यांना दूर मजुरीला जावे लागले, तरी त्यांचा दावा बुडू नये म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, गैरहजेरीची मुभा दिली होती. तुमच्या खापरपणजोबांचा दावा त्या काळातला असेल, तर फाइलीत त्याचे पडसाद मिळण्याची चांगली शक्यता आहे. त्यानंतर १८८० च्या जनगणनेचे शेतीचे स्वतंत्र तक्ते पाहा. आदल्या वर्षी किती एकरांत किती बुशेल गहू झाला, गाई किती होत्या, लोणी किती पौंड निघाले, हे सगळे शेतागणिक लिहिलेले आहे. लोण्याचा आकडा पाहताना ते काम बहुतेक घरांत बायकांचे असे, हे आठवावे. ज्या पत्नीचे केवळ पहिले नाव तुम्हाला ठाऊक आहे, तिच्या श्रमाची कदाचित तीच एक सरकारी नोंद असेल.

१९०० च्या पानावर तिच्या नावापुढे किती मुले झाली आणि किती हयात आहेत, असे दोन रकाने आहेत. ते काय सांगतात?

उत्तरवारा

दफ्तरी यांच्याशी मी सहमत आहे, पण त्याआधीची एक पायरी सांगणे मला आवश्यक वाटते: हे सगळे कागद एकाच माणसाचे आहेत, हे आधी सिद्ध करा. नॉर्वेत सामान्य माणसाचे दुसरे नाव वडिलांच्या नावावरून पडे आणि त्यापुढे तो ज्या शेतावर राहतो त्या शेताचे नाव लागे. शेत बदलले की तेही बदले. अमेरिकेत आल्यावर कोणी वडिलांचे नाव कायम ठेवले, कोणी काही वर्षांनी शेताचे नाव आडनाव म्हणून स्वीकारले. १८८० आणि १९०० मधला फरक यातूनच आलेला असावा. याचाच दुसरा परिणाम असा की एकाच टाउनशिपमध्ये, म्हणजे काऊंटीतल्या एका छोट्या विभागात, ओले लार्सन नावाचे तीन शेतकरी सहज असू शकतात आणि तयार वंशावळींत त्या तिघांची मुले एकाच घरात नांदताना दिसतात.

म्हणून केवळ नाव जुळले यावर थांबू नये. वय, पत्नीचे नाव, मुलांचा क्रम, जमिनीचा सेक्शन (सरकारी मोजणीतला तुकडा) क्रमांक आणि शेजारी ही सगळी एकत्र जुळली पाहिजेत. शेजाऱ्यांना विशेष महत्त्व द्या, कारण नॉर्वेतील एकाच खोऱ्यातून आलेली कुटुंबे इथेही शेजारी वसत आणि होमस्टेडच्या साक्षीदारांपैकी एखादा तरी मेहुणा किंवा गाववाला निघतो. १९११ च्या मृत्यूचे प्रमाणपत्र मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीकडून मिळायला हवे, कारण राज्याकडे १९०८ पासूनची मृत्युप्रमाणपत्रे आहेत. मात्र त्यातली जन्मतारीख आणि आईवडिलांची नावे मुलाने किंवा जावयाने सांगितलेली असतात. ती ऐकीव माहिती आहे, हे टिपणात स्पष्ट लिहावे.

मेघवाट

आपण दोघांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल धन्यवाद. मुलांची जन्मस्थाने पाहिली: थोरली दोन विस्कॉन्सिनमध्ये आणि पुढची सर्व मिनेसोटात जन्मलेली आहेत. १९०० च्या रकान्यांत नऊ मुले झाली आणि सहा हयात असे लिहिले आहे. म्हणजे तीन मुलांचा घरात कोणालाही पत्ता नाही. सासऱ्यांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आता त्या तिघांची नावे शोधल्याशिवाय हकिकत पूर्ण होणार नाही, असे त्यांनी सांगितले आहे.

सप्तपर्णी

मेघवाट, ती नावे मिळण्याची सर्वात मोठी आशा चर्चच्या नोंदवह्यांत आहे. नॉर्वेजियन लूथरन मंडळ्यांनी नोंदी ठेवण्याची मायदेशातली शिस्त इथेही चालू ठेवली. काऊंटीच्या दप्तरात जन्ममृत्यूची नोंद नसली, तरी बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या वह्यांत सापडतात, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत साक्षीला उभ्या राहिलेल्या नातलगांची नावेही असतात. लिपी जुन्या वळणाची आणि भाषा नॉर्वेजियन असली, तरी मोजके शब्द ओळखता आले की वाचन जमते. बऱ्याच वह्यांचे चित्रण अमेरिकेतील इव्हँजेलिकल लूथरन चर्चच्या अभिलेखागाराकडे आहे. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील नॉर्वेजियन अमेरिकन जिनिऑलॉजिकल सेंटर अशाच कामासाठी मदत करते. विस्कॉन्सिनमधल्या मुलांसाठी मी तिथूनच सुरुवात करीन.

याखेरीज १८७० आणि १८८० च्या जनगणनांबरोबर मृत्यूचे वेगळे तक्ते भरले गेले. ३१ मे रोजी संपणाऱ्या वर्षभरात दगावलेल्यांचे नाव, वय, महिना आणि कारण त्यांत आहे. एखादे मूल नेमके त्या बारा महिन्यांत गेले असेल तरच ते सापडेल, परंतु पाहण्याला फार वेळ लागत नाही.

याच चर्चच्या वहीत नॉर्वेतील नेमके जन्मस्थान मिळण्याचा संभव असतो. जनगणनेत नुसते नॉर्वे असते. एकदा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग, कळला की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे डिजिटल दालन सर्वांना विनामूल्य खुले आहे. तिथल्या चर्चच्या वह्यांत गाव सोडून जाणाऱ्यांचीही स्वतंत्र यादी असे, म्हणून १८६१ चे पान पाहावे. १८६५ च्या नॉर्वेजियन जनगणनेत मागे राहिलेले आईवडील आणि भावंडे मिळू शकतील. घरात किती माणसे होती, पेरणी किती होती, गुरे किती होती, हे तीत लिहिलेले आहे. ते का निघाले असतील, याचे उत्तर कोणत्याही आठवणीपेक्षा त्या पानावर अधिक स्पष्ट दिसेल.

आणखी एक विनंती करते. १८५१ च्या ट्रॅव्हर्स दे सू आणि मेंडोटा येथील करारांनी दक्षिण आणि पश्चिम मिनेसोटातील विस्तीर्ण प्रदेश तिथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांच्या हातून गेला, आणि १८६२ मध्ये डकोटा व अमेरिका यांच्यात झालेल्या युद्धानंतर काँग्रेसने १८६३ मध्ये त्यांच्याशी झालेले करार रद्द करून त्यांना राज्याबाहेर घालवण्याचा कायदा केला. डकोटा लोकांचा कारभार पाहणारे सरकारी ठाणे, अप्पर सू एजन्सी, याच यलो मेडिसिन काऊंटीत होती. तुमचे कुटुंब तिथे पोहोचले तेव्हा या गोष्टीला फार वर्षे झालेली नव्हती. नातवंडांसाठी लिहिताना ती जमीन मोकळी कशी झाली, हेही त्याच प्रकरणात यावे, असे मला कळकळीने वाटते.

लॉरेन्सकाठ

सासूबाईंच्या बाजूविषयी थोडक्यात लिहितो. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन अमेरिकेत गेले आणि त्यांतले पुष्कळ न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत लागले, त्यामुळे ही वाट चांगली मळलेली आहे. शिवाय क्वेबेकच्या नोंदींत स्त्रिया माहेरच्या नावाने येतात. कॅथलिक विवाहाच्या नोंदीत सहसा वधूवरांच्या आईवडिलांची नावे असतात, तीही आईच्या माहेरच्या आडनावासह, त्यामुळे एका विवाहावरून आधीच्या पिढीच्या विवाहाकडे जाता येते. वह्यांची दुसरी प्रत सरकारकडे जात असल्याने आगीत चर्च जळाले तरी नोंद वाचल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. माँट्रियल विद्यापीठाच्या ऐतिहासिक लोकसंख्या प्रकल्पाने सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या या कॅथलिक नोंदी कुटुंबवार जोडून ठेवल्या आहेत.

दोन ठिकाणी सावध राहावे. अनेक घराण्यांना दोन आडनावे असत आणि भावाभावांनी वेगवेगळी पुढे चालवली, म्हणून दोन्हींखाली शोधावे. लोवेलमध्ये आल्यावर काहींनी इंग्रजी रूप घेतले, जसे लेब्लाँचे व्हाइट झाले. मॅसॅच्युसेट्सने राज्यभरातील जन्म, विवाह आणि मृत्यूंची नोंद १८४१ मध्येच सुरू केली असल्यामुळे प्रथम तिथली विवाहनोंद काढा. तीत आईवडिलांची नावे मिळाली, की लोवेलच्या फ्रेंच कॅथलिक चर्चमधील त्याच विवाहाची नोंद पाहा, कारण क्वेबेकमधील मूळ पॅरिशचे नाव मिळालेच तर बहुधा तिथे मिळते. कुटुंब १८९५ नंतर आले असेल, तर कॅनडाच्या सीमेवरून येणाऱ्यांच्या सेंट ऑल्बन्स याद्याही तपासाव्यात. ते साधारण कोणत्या दशकात आले, हे कळवल्यास पुढचे सांगता येईल.