आधी भाड्याचं बघा, मग सीएसआरचं

छोट्या सामाजिक संस्था चालवणारे काही जण म्हणतात, ‘एकदा सीएसआर (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो निधी) मिळाला की सुटलो’. हे म्हणणं काही पटलं नाही. कंपनीला बाहेरच्या संस्थेचं किमान ३ वर्षांचं तशाच कामाचं रेकॉर्ड लागतं, शिवाय १२ए (संस्थेला आयकरातून सूट), ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत) आणि सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) नोंदणी. कालपरवा सुरू झालेल्या संस्थेला दारातूनच नमस्कार. आणि मिळालाच, तरी तो पैसा ठरलेल्या प्रकल्पाचा. सदाशिव पेठेतल्या खोलीचं भाडं, हिशेब लिहिणाऱ्या ताईंचा पगार, लाइटबिल त्यातून भागवायला गेलात की भुवया उंचावतात.

त्यासाठी महिना ५०० रुपये देणारी माणसंच हवीत, आणि ती टिकतात पावतीवर! देणगी आली त्याच आठवड्यात नाव, पत्ता, पॅनसह पावती जायला हवी. रोख २,००० रुपयांच्या वर गेली तर ८०जीची सवलत नाही, हे पैसे घेतानाच सांगा. नाहीतर मार्चअखेर फोनवर वाद ठरलेला.

बाकी, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात (जिथे ट्रस्टची नोंदणी असते) चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती द्यायची असते. ‘करू निवांत’ म्हणत (अस्सल पुणेरी!) वर्षं उलटतात. मग बँक सही बदलून देत नाही, आणि जुने खजिनदार मुलाकडे अमेरिकेत.