रमचा वास परफ्युममध्ये का टिकत नाही?

कस्तुरी_७७
पुरुषांसाठी उबदार, मसालेदार परफ्युम करायचा आहे, लाकडी पिंपात मुरलेल्या रम-कोन्याकच्या (कोन्याक म्हणजे फ्रेंच ब्रँडी) वळणाचा. 100 मिली डार्क रममध्ये 5 ग्रॅम दालचिनी, 2 ग्रॅम लवंग आणि व्हॅनिलाची एक शेंग 15 दिवस भिजवून गाळली, वर 2 मिली सीडरवुड तेल घातलं. द्रव दुधाळ झालाय, तेल वर तरंगतंय. लावल्यावर दहा मिनिटांत रमचा वास जातो आणि नुसती लवंग उरते. त्वचाही चिकट होते. काय चुकलं?

गंधवेडा
मुळात रमच चुकली. आपल्याकडची रम साधारण 42.8 टक्के अल्कोहोलची, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. सुगंधी तेल त्यात विरघळत नाही, म्हणून दुधाळपणा. चिकटपणा साखर आणि कॅरॅमलचा. रमला वास देणारे एस्टर (फळांसारख्या वासाची रसायनं) लिटरमागे फार थोडे असतात आणि भराभर उडतात. लवंगेतलं युजेनॉल मात्र तासन्‌तास बसतं, आणि तो वास आपल्याला थेट दाढदुखीची आठवण देतो. लवंग काढाच.

रमचा भास वेगळ्या मालातून उभा करायचा. त्यातला सगळ्यात सुंदर माल आपलाच आहे: दवणा. जोतिबाला वाहतात तोच. त्याच्या तेलाला पिकलेल्या जर्दाळूचा, रममध्ये भिजवलेल्या मनुकांचा वास असतो. दुसरं कोन्याक तेल. ते वाईनच्या तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळापासून काढतात आणि इतकं जहाल असतं की 10 टक्क्यांचं द्रावण करूनच वापरावं.

30 ग्रॅम परफ्युमसाठी, सगळं ग्रॅममध्ये:
दवणा 0.15
कोन्याक तेल (10 टक्के) 0.20
बर्गामॉट (लिंबूवर्गीय तेल), उन्हात त्वचा भाजवणारं बर्गॅप्टीन काढलेलं 0.55
वेलदोडा 0.25
जायफळ 0.15
दालचिनी सालीचं तेल (10 टक्के) 0.10
सीडरवुड 0.90
आयसो ई सुपर (लाकडी वासाचं कृत्रिम रसायन) 1.00
लोबान रेझिनॉइड, म्हणजे राळेचा घट्ट अर्क (50 टक्के) 0.40
व्हॅनिलिन (10 टक्के) 0.80
परफ्युमर्स अल्कोहोल (परफ्युमसाठीचं, जवळपास पाणी नसलेलं इथेनॉल) 25.50

थेंब मोजू नका, 0.01 ग्रॅमचा काटा घ्या. प्रत्येक तेलाचा थेंब वेगळ्या वजनाचा पडतो, आणि दवणा दुप्पट झाला की सडक्या फळांचा वास येतो. दालचिनीचं प्रमाण वाढवायचा मोह आवरा. तिच्यातल्या सिनॅमाल्डिहाइडमुळे त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते.

आधी सगळी तेलं एकत्र करून दोन दिवस ठेवा, मग अल्कोहोल घाला. काळोख्या, थंड जागी तीन-चार आठवडे मुरू द्या. नंतर 24 तास फ्रीजमध्ये ठेवून गार असतानाच कॉफी फिल्टरमधून गाळा. लोबानातला न विरघळलेला गाळ तिथेच अडकतो.

रंगकामाच्या दुकानातलं स्पिरिट चुकूनही वापरू नका, त्यात मिथेनॉल असू शकतं.

कस्तुरी_७७
आभारी आहे! यात पिंपाच्या लाकडाचा वास कुठून येणार? सीडर तर पेन्सिलसारखं लागतं.

ओक_आणि_ऊद
बरोबर पकडलंत. वरच्या सूत्रात तेवढीच उणीव आहे. मध्यम भाजलेल्या ओकच्या चकत्या घ्या, वाईन बनवण्याच्या साहित्यात मिळतात. 10 ग्रॅम चकत्या 100 ग्रॅम परफ्युमर्स अल्कोहोलमध्ये तीन आठवडे ठेवा, मधूनमधून हलवा, गाळा. सूत्रातल्या 25.50 पैकी 5 ग्रॅम अल्कोहोलच्या जागी हा अर्क घाला. ओकमध्ये खोबऱ्याच्या वासाचं लॅक्टोन असतं, आणि भाजताना लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं. पिंपातल्या दारूला जो वास चढतो, तो बराचसा ह्याच दोघांचा. फार भाजलेल्या चकत्या नकोत, त्यांनी धुराचा वास येतो.

मापदंड म्हणून किलियन या परफ्युम ब्रँडचा 2020 चा 'एंजल्स शेअर' एकदा दुकानात हुंगून पाहा. कोन्याक, दालचिनी, ओक, टोंका (व्हॅनिला-बदामासारख्या वासाची बी). पिंपातून दरवर्षी उडून जाणाऱ्या दारूला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात, नाव त्यावरून. ब्रँडचे संस्थापक किलियन हेनेसी कोन्याकवाल्या हेनेसी घराण्यातलेच. तुमचा नमुना आणि तो, दोन्ही कागदी पट्टीवर घेऊन 10 मिनिटं, 1 तास आणि 6 तासांनी तुलना करा. तासाभराने तुमचा पोकळ वाटला तर लोबान 0.60 करा आणि अल्कोहोल 0.20 ग्रॅमने कमी करा, दवण्याला हात लावू नका.

गंधवेडा
ओकचा उपाय उत्तम. एक राहिलं: व्हॅनिलिनमुळे परफ्युम हळूहळू तपकिरी होतो. माल खराब झालेला नसतो, पण पांढऱ्या शर्टावर डाग पडतो. कपड्यांवर नको, मानेवर मारा. मुंबईच्या मे महिन्यात दोनच फवारे, दमट हवेत गोडवा फार चढतो.